आई-बाबा अमेरिकेत येतायत ना, मग ही गोचीड ओळखून ठेवा

गोचीड म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे गाय-म्हैस येते, नाहीतर गल्लीतल्या कुत्र्याचा कान. टम्म फुगलेली, राखाडी, लांबूनसुद्धा दिसणारी. त्यामुळे इकडे न्यू जर्सीत कोणी सांगितलं की गवतातून आलात की टिक चेक करा, तर आपलं उत्तर तयार असतं, अहो असली तर दिसेलच की! आणि इथेच सगळा घोळ आहे. लाइम नावाचा आजार पसरवणाऱ्या गोचिडीचं जे पिल्लू सगळ्यात जास्त लोकांना आजारी पाडतं ते खसखशीच्या दाण्याएवढं असतं. खसखस. ती सुद्धा गुडघ्याच्या मागच्या बाजूला किंवा केसात, आणि बघणार कोण तर पंच्याहत्तरीचे बाबा, चष्मा टेबलावर ठेवून.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे सीझन. मे ते जुलै ही पिल्लं सगळ्यात जास्त फिरत असतात आणि नेमके तेव्हाच आपले आई-बाबा, सासू-सासरे इकडे येतात, कारण थंडी त्यांना सोसत नाही. आता ही मंडळी दिवसभर घरात बसून करणार काय, सगळे ऑफिसात, नातवंडं शाळेत, गाडी चालवता येत नाही, मग उरतं बॅकयार्ड. बाबा लोकांचं तर विचारूच नका, जेट लॅग उतरायच्या आत कुंपणाकडेची जागा साफ करून मेथी, मिरच्या, अळू लावून मोकळे, पायात स्लीपर आणि अंगात बर्मुडा. आणि जिथे लॉन संपतं आणि झाडी सुरू होते ना ती कड, तिथला पाचोळा, रचून ठेवलेली लाकडं, जुनी दगडी भिंत, हीच या गोचिडीची खास जागा. भर उन्हात कापलेल्या लॉनच्या मधोमध ती फारशी टिकत नाही, वाळून मरते, तिला ओलावा आणि सावली लागते.

आमच्या ओळखीतल्या एका काकांचं सांगते. उन्हाळाभर लेकीकडे कनेक्टिकटला होते, जुलैच्या शेवटी पुण्याला परत गेले. गेल्यावर काही दिवसांनी मांडीच्या मागे गोल चट्टा उठला, खाज नाही, दुखत नाही. काकूंनी बघितलं, म्हणाल्या गजकर्ण झालंय, केमिस्टकडून मलम आणलं. मग कणकण, अंगदुखी, थकवा, पावसाळा चालू, सगळीकडे व्हायरल, त्यामुळे क्रोसिन. चट्टा मोठा होत होत फिका पडला आणि गेला, मलमाला श्रेय मिळालं. पुढे हिवाळ्यात उजवा गुडघा असा सुजला की पायजमा वर सरकवता येईना, आणि विचित्र म्हणजे सुजेच्या मानाने दुखत फारसं नव्हतं. वय झालं, झीज झाली, एक्स-रे, पट्टा, शेक, गुडघा बदलायच्या गोष्टीपर्यंत गाडी गेली. दुसऱ्या वर्षी परत इकडे आले तेव्हा इथल्या डॉक्टरने पहिलाच प्रश्न विचारला, गेल्या उन्हाळ्यात कुठे होता? गुडघ्यातलं पाणी काढलं, रक्त तपासलं, लाइम. 28 दिवस डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक खाल्लं आणि सूज उतरत गेली.

यात पुण्याच्या डॉक्टरांना नावं ठेवायचं काहीच कारण नाही. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की हा माणूस दोन महिने हरणं फिरतात अशा बॅकयार्डात अळू खुरपत होता! लाइमचा चट्टा चावल्यापासून 3 ते 30 दिवसांत उठतो, सरासरी आठवडाभराने. म्हणजे जूनमध्ये चावलेली गोचीड जुलैत डोंबिवलीत, नाशकात, मडगावात रंग दाखवू शकते, विमानात बसून आल्यावर. इथले डॉक्टर उन्हाळ्यात चट्टा बघितला की आधी लाइम म्हणतात, तिकडचे गजकर्ण म्हणणार, दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. मधली माहिती द्यायचं काम आपलं.

आता ही भानगड पसरते कशी ते बघू, कारण ते कळलं की अर्धी भीती जाते आणि नको तिथली काळजीही जाते. लाइमचा जंतू म्हणजे बोरेलिया बर्गडॉर्फेरी नावाचा बॅक्टेरिया, स्प्रिंगसारखा वळणदार. मुंबईत पाणी तुंबलं की ज्या लेप्टोची भीती असते त्याचा हा लांबचा भाऊ, आणि पुराच्या पाण्यातून चालून आलेल्यांना देतात तीच डॉक्सीसायक्लिन इथेही कामाला येते. गोचीड जन्मते तेव्हा तिच्यात हा जंतू नसतो. अंड्यातून बाहेर आलेलं सहा पायांचं बारकं पिल्लू पहिलं रक्त पितं ते बहुतेक वेळा उंदराचं, पांढऱ्या पायांचा एक रानउंदीर असतो इकडे, आणि जंतूचं खरं घर तो उंदीर. त्याला स्वतःला काही होत नाही, मजेत फिरतो, पण त्याचं रक्त प्यायलेली पिल्लं जंतू घेऊन बसतात. मग कात टाकून आठ पायांची निम्फ होते, ती पुढच्या वसंतात दुसऱ्या जेवणाला निघते, आणि त्या जेवणात उंदराच्या ऐवजी आपली पोटरी सापडली की झालं. तिसरं आणि शेवटचं जेवण मोठ्या मादीचं, ते बहुतेक हरणावर.

लोक हरणाला शिव्या घालतात, डियर टिक म्हणतात म्हणून, पण गंमत अशी की हरणापासून गोचिडीला लाइमचा जंतू लागत नाही. हरीण फक्त मोठ्या गोचिडींना पोसतं आणि इकडून तिकडे वाहून नेतं, एक मादी पोटभर रक्त प्यायली की हजारांच्या घरात अंडी घालते. त्यामुळे हरीण दिसलं नाही म्हणजे आपलं यार्ड सेफ असं काही नाही. बर्ड फीडरखाली सांडलेलं धान्य, त्यावर येणारे उंदीर, गराजच्या मागचा लाकडांचा ढीग, हे जास्त बघा.

आणि ही गोचीड उडत नाही, उडी मारत नाही, झाडावरून डोक्यात पडत नाही. गवताच्या किंवा झुडपाच्या टोकावर चढते, मागच्या पायांनी धरून बसते आणि पुढचे दोन पाय हवेत पसरून वाट बघत राहते. त्या पुढच्या पायांवर तिचं नाक म्हणा, आपला श्वास, अंगाची ऊब तिला तिथून कळते. तुम्ही घासून गेलात की ती लटकली, मग वर वर चढत कुठेतरी मऊ जागा शोधते. खोटं वाटत असेल तर एक करून बघा, मी केलंय. जुना पांढरा पंचा एका काठीला बांधला आणि झाडीच्या कडेने पाचोळ्यावरून हळूहळू ओढत नेला, थोड्या थोड्या वेळाने उलटून बघायचं. पहिल्यांदा वाटलं मातीचे कण आहेत. मग त्यातला एक कण चालायला लागला! सासूबाई शेजारी उभ्या होत्या, त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि त्या दिवसापासून त्या स्लीपर घालून तिकडे गेल्या नाहीत, माझ्या दहा लेक्चरनी झालं नव्हतं ते पंच्याने झालं. हात धुवून, कपडे बदलून मगच आत या मात्र, आणि पंचा ड्रायरमध्ये.

ड्रायरची गोष्ट महत्त्वाची आहे. नुसत्या थंड पाण्याच्या धुण्याने या मरत नाहीत, भिजून निवांत बाहेर येतात. बाहेरून आल्या आल्या कोरडे कपडे हाय हीटवर 10 मिनिटं फिरवले की मरतात, कपडे ओले असतील तर जास्त वेळ. आपल्या मंडळींना एकदा घातलेले कपडे खुर्चीवर टाकून संध्याकाळी परत तेच घालायची सवय असते, ती निदान या दिवसांत नको. कपड्यांवर आणि बुटांवर मारायचा परमेथ्रिन या कीटकनाशकाचा स्प्रे मिळतो, तो अंगाला लावायचा नाही, कपडे पूर्ण वाळवून मग घालायचे, आणि घरात मांजर असेल तर ओला स्प्रे तिच्यापासून लांब ठेवा, मांजराला तो विषारी आहे. अंगाला लावायला डीट नावाचं द्रव्य असलेलं, किडे लांब ठेवणारं रिपेलंट. मंडळाच्या पिकनिकला तर हे घेऊनच जावं, कारण तिथे क्रिकेट होणारच आणि बॉल झाडीत जाणारच, आणि तो शोधायला सगळी पोरं कमरेएवढ्या गवतात घुसणारच.

चावली तर लगेच लाइम झाला का? नाही. हा मुद्दा नीट समजून घ्या. जंतू गोचिडीच्या पोटात असतो, ती रक्त प्यायला लागली की तो जागा होतो आणि हळूहळू तिच्या लाळेपर्यंत पोचतो, याला वेळ लागतो. साधारण एक दिवसाच्या वर चिकटून राहिली तर धोका, आणि दीड-दोन दिवस झाले की जास्त. म्हणून रोज संध्याकाळी बघणं एवढं कामाचं आहे. तिच्या लाळेत भूल देणारा गुण असतो त्यामुळे चावल्याचं कळत नाही, म्हणून डोळ्यांनी आणि बोटांनीच शोधायची. काख, कानामागे, बेंबी, कंबरपट्ट्याची रेघ, जांघ, गुडघ्यामागे, केसांच्या मुळाशी. आता सासऱ्यांना जांघ बघा हे सुनेनं कसं सांगायचं, हा प्रश्न आहेच. आमच्याकडे बाथरूममध्ये एक हँड मिरर ठेवलाय आणि नवऱ्याला कामाला लावलंय.

सापडलीच तर? बारीक टोकाचा चिमटा घ्यायचा, कातडीच्या अगदी लगत तिला धरायचं आणि सरळ वर, एकसारख्या जोराने ओढायचं. पिळायचं नाही, झटका द्यायचा नाही. व्हॅसलिन, रॉकेल, नेलपॉलिश, जळती काडी, तंबाखूची गोळी, हे आजीचे सगळे उपाय गुरांपुरते ठेवा, यात ती सुटायची वाट बघत बसावं लागतं आणि वेळ हाच तर आपला शत्रू. तोंडाचा बारीक तुकडा आत राहिला तरी घाबरू नका, सहज निघाला तर काढा, नाहीतर कातडी आपोआप टाकते. साबण-पाण्याने धुवा, अल्कोहोल लावा, हात धुवा. गोचीड पारदर्शक टेपमध्ये चिकटवून फोटो काढा आणि तारीख लिहून ठेवा. ती लाइमवालीच जातीची वाटली, फुगलेली असली, दीड दिवसाच्या वर चिकटली असावी असं वाटलं, तर काढल्यापासून 72 तासांच्या आत डॉक्टर डॉक्सीसायक्लिनचा 200 मिलिग्रॅमचा एकच डोस देऊ शकतात. द्यायचा की नाही हे ते ठरवतील, पण 72 तास हे लक्षात ठेवा, वीकेंड जाऊ दे सोमवारी बघू असं करत बसू नका.

आता ओळखायचं कसं. गूगल केलं की सगळीकडे एकच फोटो, गोऱ्या कातडीवर लालबुंद निशाणा, मध्ये ठिपका आणि बाहेर गोल कडं. लोक तो निशाणा शोधत बसतात. एक तर सगळ्यांना तसं कडं उठतच नाही, बऱ्याच जणांना नुसता एकसारखा लालसर चट्टा असतो. आणि दुसरं, आपण सावळे आहोत हो! आपल्या कातडीवर तो लाल दिसेलच असं नाही, तपकिरी, जांभळट, मुका मार लागल्यासारखा, कधी आजूबाजूपेक्षा जरा गडद एवढंच. त्यामुळे रंगाच्या मागे लागू नका, वाढ बघा. लाइमचा चट्टा दिवसागणिक पसरतो, 30 सेंटिमीटरपर्यंतसुद्धा जातो, हात लावला तर कधी जरा गरम लागतो, खाज किंवा दुखणं क्वचित. चावल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत उठणारी आणि तशीच राहून जिरणारी बारकी गांधी ही बहुतेक लाळेची अॅलर्जी, डास चावल्यावर येते तशी. गजकर्णाला सहसा खाज असते आणि कडेला खवले असतात, याला खवले नसतात. सोपी युक्ती म्हणजे बॉलपेनने चट्ट्याची कड आखून घ्यायची, शेजारी नाणं ठेवून फोटो काढायचा, दुसऱ्या दिवशी परत. रेघेबाहेर गेला की डॉक्टर. आणि तो उजेडात, तिरप्या उजेडात बघा, ट्यूबलाइटखाली सावळ्या पाठीवर काही कळत नाही.

चट्टा 70 ते 80 टक्के लोकांना उठतो, म्हणजे बाकीच्यांना नाहीच, किंवा पाठीवर उठून दिसलाच नाही. मग उरतं ते ताप, थंडी, डोकेदुखी, सांधे-स्नायू दुखणं, गळून जाणं. सर्दी-खोकला नसताना भर उन्हाळ्यात असा फ्लू झाला तर लाइमची शंका घ्यावी. दुर्लक्ष झालं तर काही आठवड्यांनी चेहऱ्याची एक बाजू लुळी पडू शकते, मान आखडून जबर डोकं दुखू शकतं, हृदयाचे ठोके चुकून चक्कर येऊ शकते. तोंड वाकडं झालं किंवा चक्कर येऊन पडले तर तिथे लाइम-लाइम करत बसायचं नाही, सरळ इमर्जन्सी, झटका आहे की काय ते आधी त्यांना बघू दे. आणि महिन्यांनी सुजतात ते सांधे, जास्त करून गुडघा, काकांचा सुजला तसा.

टेस्टबद्दल एक समजून घ्या. रक्ताच्या टेस्टमध्ये जंतू नाही, त्याच्याविरुद्ध आपल्या शरीराने केलेल्या अँटिबॉडी बघतात, आणि त्या तयार व्हायला काही आठवडे जातात. म्हणजे चट्टा ताजा असताना टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते आणि लोक पेढे वाटतात. चट्टा खात्रीचा असेल आणि तुम्ही अशा भागात राहून आला असाल तर टेस्टची वाट न बघता औषध सुरू करतात, साधारण 10 ते 14 दिवस. डॉक्सी भरपूर पाण्याबरोबर घ्यायची, घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही, दुधाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर नाही, आणि त्या दिवसांत ऊन लवकर भाजतं. बहुतेक लोक पूर्ण बरे होतात. माणसाकडून माणसाला हा लागत नाही, त्यामुळे नातवंडांना आजोबांपासून लांब ठेवायचं काही कारण नाही.

हा आजार ओळखला गेला तोच मुळात घरच्या बायकांच्या चिकाटीमुळे, हे मला फार आवडतं. 1975 साली कनेक्टिकटमधल्या लाइम गावात पॉली मरे नावाची एक बाई, घरात सगळ्यांचं काही ना काही दुखतंय, चट्टे, सुजलेले गुडघे, डॉक्टर म्हणतायत काही नाही. तिने आजूबाजूच्या मुलांच्या नोंदी करायला घेतल्या, आणखी एका आईनेही सरकारी आरोग्य खात्याला कळवलं, मग येल विद्यापीठाचे अॅलन स्टीअर कामाला लागले. एवढ्याशा भागात इतक्या मुलांना संधिवात कसा, हा त्यांचा प्रश्न. 1977 मध्ये त्यावर पेपर आला, आणि जंतू गोचिडीच्या पोटात सापडला 1981 मध्ये, विली बर्गडॉर्फर यांना, म्हणून जंतूला त्यांचं नाव. आज अमेरिकेत दरवर्षी साधारण 4,76,000 लोकांवर लाइमचे उपचार होतात असा सीडीसीचा, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेचा, अंदाज आहे, त्यातले बहुतेक ईशान्येकडची राज्यं आणि विस्कॉन्सिन-मिनेसोटाकडचे. टेक्सासवाल्यांनी माझ्याएवढं घाबरू नये.

सिंधुदुर्गातल्या लोकांना गोचीड चावून आजार होतो हे सांगावंच लागत नाही. 2016 पासून दोडामार्ग, मग बांदा, पलीकडे गोव्यात सत्तरी, काजूच्या हंगामात बागेत जाणाऱ्यांना माकडताप होतो तो गोचिडीमुळेच, आणि तिथेही बारीक पिल्लंच जास्त त्रास देतात. तो मात्र व्हायरस आहे, त्यावर डॉक्सी चालत नाही, गोचीड वेगळी, आजार वेगळा. माझी मावशी बांद्याची, ती इकडे आली तर मला काही शिकवावं लागणार नाही, पुण्याच्या लोकांना शिकवावं लागतं!

खरी अडचण वेगळीच आहे. आपले आई-बाबा दुखणं लपवतात. व्हिजिटर इन्शुरन्स काय कव्हर करतं आणि काय नाही हे त्यांना ऐकून माहीत असतं, अर्जंट केअरचं बिल कोणाचं तरी ऐकलेलं असतं, मग कशाला उगाच डॉलर घालवता, परत गेल्यावर आपल्या डॉक्टरांना दाखवू. त्यांना सांगा की पहिल्या टप्प्यात हे साध्या स्वस्त गोळ्यांचं काम आहे, महाग पडतं ते उशिरा. आणि परत जाताना बॅगेत चॉकलेटं आणि बदाम भरता ना, त्यात एक कागद टाका. कुठल्या राज्यात, कुठल्या महिन्यात राहिले, गोचीड चिकटलेली सापडली होती का, कधी, कुठे, आणि पुढच्या महिनाभरात चट्टा, ताप, किंवा पुढे कधीही गुडघा सुजला, तोंड वाकडं झालं तर डॉक्टरांना लाइमबद्दल विचारा, एवढं. मोठ्या अक्षरात, मराठीत आणि इंग्रजीत.

लस म्हणाल तर माणसांसाठी एक 1998 मध्ये आली होती, 2002 मध्ये कंपनीनेच बाजारातून काढून घेतली. कुत्र्यांना मात्र अजून मिळते, आता बोला! फायझर आणि व्हॅलनेव्हा या कंपन्यांनी 2022 मध्ये नव्या लशीची मोठी चाचणी सुरू केली.

आणि आई-बाबा सप्टेंबरात परत गेले की आपण मोकळे असं नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मोठ्या गोचिडी निघतात, तिळाएवढ्या, जरा तरी दिसतात, आणि नेमकं तेव्हाच आपण पानं ओढायला दोन वीकेंड बाहेर असतो. थंडीतसुद्धा तापमान 4 अंश सेल्सिअसच्या वर गेलं की त्या फिरतात. पानांचा ढीग करून पोरांना त्यात उड्या मारू देणार असाल तर ढीग झाडीच्या कडेला नको, ड्राइव्हवेजवळ करा, आणि आत घेताना कपडे थेट ड्रायरमध्ये.